खाटेखालचे तीन राउटर

खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात. आमच्या घराला वासे नव्हते, पत्रे होते. म्हणून त्यानं खाटेखालचे राउटर मोजले आणि घेऊन गेला. ही गोष्ट मी चारचौघांत अशीच हसत सांगतो. लोकही हसतात. पण घरी आल्यावर राग जागचा हललेला नसतो, म्हणून आज न हसता लिहून पाहतो.

तो म्हणजे माझा नांदेडचा जोडीदार. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं आम्ही विष्णुपुरीच्या बाजूला एकाच खोलीत काढली. तो बिलोलीकडचा, मी लातूरचा. तो बोलण्यात वस्ताद, मी बघण्यात. मेसवाल्याकडून जास्तीची पोळी तो काढायचा आणि ती कच्ची आहे हे मी दाखवायचो. आमचं छान चाललं होतं.

डिग्री हातात आली आणि नोकरी आली नाही. त्या वर्षांत कंपन्या पुण्याच्या अलीकडे येतच नसत. मग कुणीतरी सांगितलं की नेटवर्किंगची एक परीक्षा असते, अमेरिकेतल्या कंपनीची, हैदराबादला सेंटर आहे, ती पास झालं की पुण्यात कुणीही उभं करून घेतं. फी मात्र डोळे पांढरे करणारी होती. लातुरात गंजगोलाईच्या बाजारामागे वडिलांचं भांड्यांचं दुकान. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"एकदा भरतो," ते म्हणाले. "पास झालास तर पुन्याला जा. न्हाई झालास तर उद्यापासून दुकानात बसायचं. मधलं काय न्हाई."

मधलं काही नाही, हे आमच्या वडिलांचं आयुष्याचं सूत्र होतं. म्हणजे माझ्यासमोर एका बाजूला पुणं आणि दुसऱ्या बाजूला पितळी घागरींची उतरंड, एवढाच हिशेब.

आता ही परीक्षा पुस्तक पाठ करून पास होत नाही. राउटर म्हणजे एका नेटवर्कचा माल दुसऱ्या नेटवर्कात नेऊन पोचवणारा डबा. रस्ता कुठला घ्यायचा, बंद पडला तर दुसरा कुठला शोधायचा, हे तो ठरवतो आणि त्याला ते शिकवायचं काम आपलं. पोहायला शिकायला गोदावरी लागते, नुसतं नदीचं वर्णन वाचून भागत नाही. कमीत कमी तीन राउटर लागतात. दोन असले तर रस्ता एकच. तीन असले की त्रिकोण होतो, मग एक वायर उपसायची आणि माल दुसऱ्या बाजूनं कसा वळसा घेतो ते बघायचं. नवे घेणं आम्हाला सात जन्मात जमलं नसतं. म्हणून जुने. आणि जुनी वस्तू निवडणं ही माझी विद्या होती, असं मला तेव्हा वाटायचं.

नांदेडच्या जुन्या बाजारात एक चाचा होते. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा: आधी निजामाच्या काळातले ग्रामोफोन, मग रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. हैदराबादला एखादं ऑफिस बंद पडलं की तिथला माल रेल्वेनं चाचांच्या दुकानात यायचा. दुकानाच्या मागच्या खोलीत राउटरची चळत होती, धुळीनं सगळ्यांचा रंग एकच झालेला.

"चालू हाय का, चाचा?" जोडीदारानं विचारलं.

"बेटा, मी विकनारा हाय, हकीम न्हाई," चाचा म्हणाले. "नब्ज तुमीच बघा. बिजली देतो, कुर्सी देतो, चाय देतो. वापस घेत नसतो."

आम्ही चाचांच्या खुर्चीवर बसून दोन दिवस नाडी बघितली. जोडीदारानं मित्राचा जुना कॉम्प्युटर सायकलरिक्षातून आणला होता. एकेक डबा उचलायचा, मागं उलटा करून आधी दारं, म्हणजे वायर खोचायची पोर्ट, मोजायची. काही डब्यांना फक्त ऑफिसातल्या ऑफिसात बोलायची दारं होती. ते चकचकीत दिसत आणि स्वस्तही होते, पण आमच्या कामाचे नव्हते. आम्हाला लांबच्या लाइनीचं, सिरीयलचं दार हवं होतं, कारण परीक्षेत नेमकं तेच विचारतात. जोडीदार त्या चकचकीतांवर भाळला होता.

"अबे हे घे ना, किती बारीक हाय! काय नखरे करून राहिला?"

"लग्न करायचंय का त्याच्याशी?" मी म्हणालो. "मागून बघ. एकच दार हाय."

दुसरी पारख कुलपाची. जुन्या मालकानं पासवर्ड टाकून ठेवलेला डबा कुणी घेत नसे, म्हणून चाचा तो निम्म्यात द्यायला तयार असत. पण डबा सुरू होताना ठरावीक बटण दाबून धरलं की तो जुना पासवर्ड विसरून उठतो. हे मी वाचलं होतं, जोडीदारानं नव्हतं. कुलूपबंद डबे मी मुकाट्यानं बाजूला काढत गेलो आणि चाचांकडे भाव करायला त्याला पाठवलं. त्यानंही कमाल केली. तोंड असं पाडून बसला की चाचांनी त्याला पान खायला घातलं. दोन डबे असे मिळाले.

तिसऱ्याला मात्र मी शेण खाल्लं. भांड्याच्या दुकानात वाढलेलं पोर मी. आमच्याकडे भांडं घेताना आधी हातात तोलतात, मग बोटाच्या पेरानं वाजवतात. जड असेल आणि टणटणीत वाजलं तर माल खरा, पातळ असेल तर पॉलिशच्या नावानं गंडवणूक. वडील तांब्या असा कानाशी नेत जणू तो काही सांगणार आहे. त्या चळतीत तळाला एक भलामोठा डबा होता. उचलला तर हात खाली गेला. पेरानं वाजवला. लोखंड पोलादी वाजलं. मेमरी किती आहे, नवं सॉफ्टवेअर मावेल का, यातलं काही न बघता मी म्हणालो, "हा घ्यायचा." नाडी बघायची ती मी वजन बघून आलो. घरी आल्यावर कळलं की तो सगळ्यांत म्हातारा, मेमरी सगळ्यांत कमी, आणि वजन नुसत्या पंख्याचं आणि पत्र्याचं. सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तोवर चहा होऊन पिऊन व्हायचा. जोडीदारानं त्याचं नाव म्हैस ठेवलं. पण म्हशीला सिरीयलची दोन दारं होती, त्यामुळे त्रिकोणाचं तिसरं टोक तीच झाली, आणि मी माझी लाज तेवढ्यावर राखली.

डबे आणि तो कॉम्प्युटर लातूरला एसटीनं नेले. कंडक्टरनं विचारलं काय आहे, जोडीदार म्हणाला, देवाच्या पेट्या. कंडक्टरनं पेट्यांचं तिकीट फाडलं नाही. मुक्काम आमच्या घरी करायचा हे आधीच ठरलं होतं: सराव दोघांनी मिळून, परीक्षा एकाच आठवड्यात, मग पुणं. त्याच्या घरी जागा नव्हती असं नाही, वीज टिकत नव्हती. तो आमच्याकडेच राहायला आला. माझ्या आईला पहिल्याच दिवशी मावशी म्हणाला आणि मागून धपाटं घेतलं. मागून खाणारा माणूस आईला फार आवडायचा.

त्याला रॅक करायची होती. गोलाईत लोखंडी पट्ट्या मिळतात, भोकाभोकाच्या. भिंतीला उभी रॅक, तीन कप्पे, वर म्हैस. त्यानं पट्ट्या आणल्यासुद्धा. आई चुलीपासून उठून आली.

"डोक्याच्या वर जड काय ठिवायचं न्हाई ह्या घरात," ती म्हणाली.

"मावशी, नटबोल्ट लावून पक्कं करतो."

"पक्कंच हुतं ते बी."

एवढं बोलून ती परत गेली. आमच्या घरात भिंतीवर देवाच्या फोटोपलीकडे काही नव्हतं. डब्यांची उतरंड नाही, माळा नाही, फळी नाही. पातेली जमिनीवर, ट्रंका जमिनीवर, शिवणयंत्र जमिनीला टेकलेलं. दुकानातल्या वरच्या फळ्यांवर काय ठेवायचं तेही आई ठरवायची: वर चमचे, खाली घागरी. गिऱ्हाइकाला वाकावं लागायचं आणि वडील काही बोलायचे नाहीत. लातूरच्या त्या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ होती. बाहेरच्याला ती नुसती रिकामी वाटायची.

जोडीदारानं मला बाहेर नेऊन विचारलं, आणि मी सांगितलं. तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. आमचं गाव औशाकडं, घर माळवदाचं, वर हातभर मातीचा थर. भूकंप झाला तेव्हा मी चौथीत होतो. आम्ही तिघं दाराशी निजलो होतो म्हणून निघालो. धाकटी आतल्या भिंतीशी होती. आईनं हातानं माती उकरली. नंतर सरकारी पत्र्याच्या शेडमध्ये, मग लातुरात. त्या दिवसापासून घरात तिचं नाव कुणी उच्चारत नाही. मीही त्याला 'धाकटी' एवढंच म्हणालो. त्यानं हातातली लोखंडी पट्टी जमिनीवर ठेवली. मग म्हणाला, "खालीच मांडू आपण. काय बिघडतं?"

मला त्या क्षणी तो भाऊ वाटला. हे लिहिताना दात खायची वेळ येते, पण वाटला खरा.

मग खाटेखाली तीन डबे ओळीनं मांडले आणि आम्ही पालथे पडून शिकलो. आई केर काढायला आली की आम्ही पाय उचलायचो. लोडशेडिंगनं शिस्त लावली: वीज गेली की जे लिहून ठेवलं नाही ते पुसलं जायचं, पुन्हा पहिल्यापासून. मी दर दोन ओळींना सेव्ह करायला शिकलो. तो शेवटपर्यंत शिकला नाही. दुसरी त्याची खोड अशी की सिरीयलच्या वायरीच्या एका टोकाला घड्याळाचा ठोका द्यावा लागतो, तो दिला नाही तर लाइन चालू होत नाही. एक साधी कमांड. ती त्याला कधीच आठवायची नाही. सगळं झरझर टाइप करायचा आणि तिथं आला की थांबायचा. बोटं कीबोर्डवर तशीच, आणि मान न वळवता फक्त डोळे माझ्याकडे. मी कमांड सांगायचो. तो टाइप करायचा. लाइन चालू व्हायची आणि तो ओरडायचा, "मावशी, झालं!" आई म्हणायची, "झालं का? मग जेवा."

लातुरात तेव्हा क्लासेसची जत्रा भरली होती. गल्लीगल्लीत बारावीची पोरं, खोल्यांची भाडी आभाळाला, चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो रांगेनं. नुसते मार्क असून भागायचं नाही. फोटोखाली गोष्ट लागायची: वडील हमाल, आईनं धुणीभांडी केली, दिव्याखाली अभ्यास. क्लासवाल्यांना गोष्ट मार्कांपेक्षा जास्त खपते हे कळलं होतं. आम्ही चहाला जायचो तेव्हा जोडीदार ती पोस्टरं वाचत उभा राहायचा. "साला आपल्याला काय गोष्टच न्हाई," असं एकदा म्हणाला. मी हसलो. त्याचे वडील ग्रामसेवक, घर बांधीव, चार एकर भिजणारं रान. खरंच काही गोष्ट नव्हती.

परीक्षा महिन्यावर आली आणि वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. त्यांना घेऊन मी सोलापूरला गेलो. आई आणि तो घरी. "तू बिनघोर जा, मी मावशीकडं बघतो," तो म्हणाला. बघितलं.

परत आलो तर खाटेखाली स्वच्छ झाडलेली जमीन. आई म्हणाली, "त्यानं नेले की. तूच सांगितलंस म्हनं, तिकडं दुरुस्तीला." तिनं स्वतः तिन्ही डबे आपल्या जुन्या लुगड्यात बांधून दिले होते, टवके उडू नयेत म्हणून. वाटेत खायला धपाटीही दिली होती. कॉम्प्युटर नेला, वायरी नेल्या, माझ्या हातच्या नोट्स नेल्या. मोबाइल उचलेना. बिलोलीच्या घरी फोन केला तर त्याची आई म्हणाली, तो लातूरलाच आहे ना तुमच्याकडं?

लातूरलाच होता. आठवड्यानं पेपरातून पत्रक पडलं. एका मोठ्या क्लासनं नेटवर्किंगचा विभाग काढला होता. 'प्रत्यक्ष राउटरवर शिका' आणि खाली मांडी घालून बसलेल्या माझ्या जोडीदाराचा फोटो, नावापुढं सर. डबे आणि नोट्स देऊन नोकरी घेतली होती. पुण्यापर्यंत जायची त्याला गरजच उरली नव्हती.

निकाल आधीच सांगून टाकतो. डबे परत मिळाले नाहीत. मी हैदराबादला गेलो, हाताचा सराव सुटलेला, आणि नापास झालो. त्रिकोणाचाच प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी दुकानात बसलो आणि पुढची काही वर्षं घागरी तोलल्या. पुढं याच लाइनीत शिरलो, पण वळसा घालून, आणि उशिरा. तेव्हा जे व्हायचं होतं ते झालं नाही, ते त्याच्यामुळे. मी मोठ्या मनाचा माणूस नाही.

पण सांगायचं ते हे नाही. पत्रक आलं त्या दिवशी मी चपला घातल्या तर आईही निघाली.

"मी दिलेत, मीच मागीन," ती म्हणाली.

क्लासच्या हॉलमध्ये मोफत डेमो लेक्चर चालू होतं. दारातल्या मुलीनं आम्हाला पालक आणि विद्यार्थी समजून मागच्या बाकावर बसवलं. समोर तो, इस्त्रीचा शर्ट, पुण्याची भाषा. त्याच्या मागं भिंतीला उभी लोखंडी रॅक, आणि त्यात आमचे तिन्ही डबे, सगळ्यांत वर म्हैस. दिवे लुकलुकत होते. मी सवयीनं वायरी शोधल्या. एकही जोडलेली नव्हती. नुसतीच वीज दिली होती, दिसायला.

"मित्रांनो," तो म्हणाला, "हे राउटर मी एकेक वाजवून निवडले आहेत." आणि त्यानं बोटाच्या पेरानं खालचा डबा वाजवला, माझ्या वडिलांसारखा कान लावून. पोरं हसली. मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात तो पुढं बोलायला लागला.

"लॅब मी जमिनीवर मांडली होती. खाटेखाली. कारण माझी आई डोक्याच्या वर जड वस्तू ठेवू देत नाही. आमचं माळवदाचं घर होतं. भूकंपात माझी धाकटी बहीण गेली. माझ्या आईनं हातांनी माती उकरली..."

समोरच्या बाकावरच्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला. तो बरोबर तिथं थांबला जिथं थांबायला पाहिजे होतं. बिलोलीला त्या पहाटे कुणाच्या घराचं कौलही पडलं नव्हतं. मी आईकडे बघायला घाबरत होतो. ती त्याच्याकडे बघत नव्हती, रॅककडे बघत होती. रॅकच्या खाली स्टुलावर एक मुलगी वही घेऊन बसली होती, दोन वेण्यांची.

"त्या पोरीला उठव तिथून," आई माझ्या कानात म्हणाली.

मी हललो नाही, तशी ती स्वतःच उठली. सगळ्या हॉलमधून चालत पुढं गेली, मुलीच्या दंडाला धरून तिला बाकाच्या टोकाला बसवलं आणि मग त्याच्याकडे वळली. त्यानं आईला ओळखलं. मागं मी दिसलो. चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"या ना, या," तो मला म्हणाला. "आपण नंतर बोलू या का? आत्ता लेक्चर चालू आहे." मला. अहोजाहो करून.

आई राउटर मागेल असं मला वाटलं होतं. त्यालाही तेच वाटलं असणार, कारण त्यानं दाराकडे क्लासच्या मालकाला शोधलं. आईनं डब्यांचा विषयच काढला नाही. चार महिने ज्याला ती लेकरा म्हणून वाढत होती, त्याला म्हणाली,

"सर, एक इचारू का?"

"विचारा ना."

"नाव काय हुतं वो तिचं? त्या लेकराचं?"

तिचा आवाज चढलेला नव्हता. समोरच्या बाईनं पदर खाली घेतला आणि तीही ऐकायला लागली. त्याचं तोंड उघडलं. एखादं नाव घेता आलं असतं, कुठलंही. पण समोर उभी होती ती उकरणारी, तिच्यासमोर त्याला ते जमेना. डबा वाजवणारं बोट रॅककडे गेलं आणि हवेतच राहिलं. मग मान न वळवता, फक्त डोळ्यांनी, त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी तसंच, जसं खाटेखाली पालथं पडून, ठोक्याच्या कमांडपाशी येऊन तो रोज पाहायचा.

मी सांगितलं नाही.